एमसीएचसी ५२.७, रक्तगट जुळेना, एकही पिशवी जुळेना: पुढे काय करावं?

घाटाखालचा_एमओ

सिंधुदुर्गातल्या उपजिल्हा रुग्णालयातून विचारतोय. ओळख पटेल असं काही देत नाही, फक्त कामापुरतं.

बाई, पन्नाशीच्या आतबाहेर, वजन ५० किलो, तीन बाळंतपणं. पंधरा दिवसांपूर्वी ताप आणि कोरडा खोकला. गावच्या दवाखान्यात पाच दिवस सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन मिळालं, त्यानंतर ताप गेला. चार दिवसांपासून चालताना धाप, डोळे पिवळे, लघवी कोकमाच्या आगळासारखी. नाडी ११८, रक्तदाब ११०/७०, प्लीहा बोटभर लागते. अंगावर पुरळ नाही, कुठून रक्तस्राव नाही.

हिमोग्लोबिन ६.२, तांबड्या पेशी १.०५ मिलियन, पीसीव्ही (रक्तात तांबड्या पेशींचा टक्का) ११.८, एमसीव्ही (पेशीचं सरासरी आकारमान) ११२, एमसीएच (पेशीमागे हिमोग्लोबिन) ५९, एमसीएचसी (पेशीतल्या हिमोग्लोबिनची दाटी) ५२.७. पांढऱ्या पेशी ११,४००, प्लेटलेट १,६२,०००. बिलिरुबिन ४.१, त्यातलं डायरेक्ट ०.६. एलडीएच (पेशी फुटल्या की वाढणारं एन्झाइम) ९८०, क्रिएटिनिन ०.९. मलेरियाची जलद चाचणी निगेटिव्ह.

लावणीचे दिवस, बाई रोज चिखलात, म्हणून आधी सगळ्यांच्या डोक्यात लेप्टोच आला. पण आकडे तसे दिसत नाहीत. रक्तपेढी म्हणते, फॉरवर्डला (पेशींवरून) एबी आणि रिव्हर्सला (सीरमवरून) ओ येतोय आणि क्रॉसमॅचला (तिच्या सीरमशी जुळवून बघायला) ठेवलेली प्रत्येक पिशवी इनकम्पॅटिबल आहे. कूम्ब्स (पेशींवर अँटीबॉडी किंवा कॉम्प्लिमेंट बसलंय का ही चाचणी) ‘पॉझिटिव्ह’, एवढाच शब्द कागदावर आहे.

नमुने बर्फाच्या डब्यातून गेले होते, दोनेक तास वाटेत.

विचारायचं ते असं. मशीन बिघडलंय का? स्टिरॉइड आत्ताच सुरू करू का? आणि रात्रीत हिमोग्लोबिन आणखी उतरलं, घाटात दरड आली आणि कोल्हापूरला जाता आलं नाही, तर न जुळणारं रक्त द्यायचं की नाही?


स्लाइड_आधी

मशीन ठीक आहे. तुमच्या प्रश्नातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तुम्ही शेवटी लिहिली आहे: नमुने बर्फातून गेले.

तांबड्या पेशीत हिमोग्लोबिन मावायला मर्यादा असते. एमसीएचसी ३६–३७ च्या फार वर खरोखर जात नाही. आनुवंशिक स्फेरोसायटोसिसमध्येसुद्धा ३८ च्या आसपास थांबतं. ५२ हा आकडा पेशींचा नव्हे, गुठळ्यांचा आहे. थंडीत एकमेकींना चिकटलेल्या दोन-तीन पेशी मशीनच्या छिद्रातून एकत्र गेल्या की ते त्यांना एकच मोठी पेशी धरतं. म्हणून संख्या कमी आणि एमसीव्ही जास्त. फार मोठा पुंजका मोजणीच्या खिडकीबाहेर पडतो, तो मोजलाच जात नाही. हिमोग्लोबिन मात्र पेशी फोडून मोजतात, त्यामुळे ते बरोबर असतं. बरोबर हिमोग्लोबिनला चुकीच्या पीसीव्हीने भागलं की असला एमसीएचसी निघतो. सोपी पडताळणी म्हणजे हिमोग्लोबिन गुणिले तीन साधारण पीसीव्हीएवढं यायला हवं. ६.२ ला १८–१९ अपेक्षित, तुमच्याकडे ११.८.

चरबीमुळे दुधाळ झालेला किंवा फार पिवळा नमुना असला तरी एमसीएचसी चढतो. पण तिथे चूक हिमोग्लोबिनच्या बाजूला असते. पेशींची संख्या आणि एमसीव्ही बिघडत नाहीत. इथे नेमकं तेच दोन बिघडले आहेत, म्हणून गारव्यात पेशी चिकटवणारी अँटीबॉडी, म्हणजे कोल्ड अ‍ॅग्लुटिनिन.

आत्ता करायचं ते:

ईडीटीएची (रक्त गोठू न देणारी) नळी उजेडात आडवी करून काचेवरून ओघळणारं रक्त बघा. वाळू मिसळल्यासारखं रवाळ दिसतं का? तीच नळी मुठीत पाच मिनिटं धरून परत बघा. रवाळपणा विरला तर निम्मं निदान हातातच झालं. मग नळी ३७ अंशाच्या वॉटर बाथमध्ये ३० मिनिटं ठेवा, ८–१० वेळा हलक्या हाताने उलटीपालटी करा आणि लगेच मशीनला लावा. लगेच म्हणजे लगेच, कागद भरत बसू नका. एसी लावलेल्या खोलीत मशीनचं डायल्युएंटच गार असतं आणि त्यात पेशी पुन्हा चिकटतात. तसं झालं तर नळी फिरवून वरचा प्लाझ्मा काढा, तेवढंच ३७ अंशाचं सलाईन घाला, मिसळा, पुन्हा एकदा तेच करा आणि मोजा. या नमुन्यातली प्लेटलेट आणि पांढऱ्या पेशींची संख्या मात्र धरू नका, प्लाझ्माबरोबर त्यांतल्या काही निघून जातात. फक्त तांबड्या पेशींचे आकडे घ्या.

वॉटर बाथ नसेल किंवा वीज गेली असेल तर रुंद तोंडाचा थर्मास आणि थर्मामीटर पुरे. पाणी ३७ ते ४०. घाईने कढत पाणी ओतू नका. ५० अंशाच्या जवळ तांबड्या पेशींचे तुकडे पडतात, ते मशीन प्लेटलेट म्हणून मोजतं आणि स्लाइडवर खोटे स्फेरोसाइट (गोळीसारख्या गोल पेशी) दिसतात.

स्लाइड गरम केलेल्या रक्ताची, आणि काचही कोमट. पेशी करवंदांच्या घोसासारख्या वेड्यावाकड्या चिकटल्या असतील तर अ‍ॅग्लुटिनेशन. नाण्यांच्या चवडीसारख्या रचल्या असतील तर रूलो, आणि तो सलाईनच्या थेंबात सुटतो. तिथे मायलोमाचा विचार करावा लागतो. मग स्फेरोसाइट आहेत का, पॉलिक्रोमेशिया (निळसर कोवळ्या पेशी) आहे का, तुटक्या शिस्टोसाइट आहेत का, मलेरियाचे परजीवी आहेत का, हे बघा. जलद चाचणी निगेटिव्ह आली म्हणून जाड-पातळ थेंब चुकवू नका.

रेटिक काउंट (कोवळ्या तांबड्या पेशींची मोजणी) हवाच. आणि तो नुसता टक्क्यांत लिहू नका, गरम करून आलेल्या पेशीसंख्येने गुणून लिहा. गार नमुन्याच्या १.०५ ने गुणलंत तर खरा आकडा निम्म्यावर येईल आणि अस्थिमज्जा काम करत नाही असा गैरसमज होईल.

एक सावधगिरी, कारण ही चूक फार होते. एलडीएच हजारात, इनडायरेक्ट बिलिरुबिन थोडं वर, एमसीव्ही ११५, म्हणून हिमोलिसिस (तांबड्या पेशी फुटणं) ठरवतात आणि स्टिरॉइड चालू करतात. निघतं बी-१२ ची कमतरता. तिथे पेशी मज्जेतच मरतात, त्यामुळे रेटिक कमी असतो, कूम्ब्स निगेटिव्ह येतं आणि न्यूट्रोफिलच्या केंद्रकाला पाच-सहा पाकळ्या दिसतात. स्लाइड बघितली तर ही चूक होत नाही.


पिशवी_आणि_पडताळणी

रक्तपेढीच्या बाजूने लिहितो.

रक्तपेढीने केलं ते बरोबर, पण गार नमुन्यावर केलं. फॉरवर्ड एबी आला कारण पेशी स्वतःहून चिकटत आहेत, अँटी-ए घाला की अँटी-बी. सोबत कंट्रोलची नळी लावली असती तर तीही पॉझिटिव्ह आली असती. एबी वाचताना ही नळी कधीच वगळू नये: पेशी आणि ६ टक्के अल्ब्युमिन किंवा नुसतं सलाईन, अँटिसेरा नाही. ती पॉझिटिव्ह आली की गट ‘ठरला नाही’ असंच लिहायचं. रिव्हर्सला सगळ्या पेशी चिकटल्या कारण सीरममधली गार अँटीबॉडी, बहुधा अँटी-आय, जवळजवळ प्रत्येक प्रौढाच्या पेशीवर बसते.

नवीन नमुना असा घ्या. सिरिंज आणि नळ्या आधी ३७ अंशावर कोमट करा. एक ईडीटीए, एक साधी नळी. काढल्याबरोबर थर्मासमध्ये. साधी नळी ३७ अंशावरच गोठू द्या आणि गरम असतानाच सीरम वेगळं करा. गारव्यात गोठली तर अँटीबॉडी पेशींवर चिकटून गुठळीबरोबर निघून जाते, मग टायटर (अँटीबॉडीचं प्रमाण) खोटं कमी येतं.

गट: ईडीटीएतल्या पेशी ३७ अंशाच्या सलाईनने तीन-चार वेळा धुवा, मग फॉरवर्ड लावा. कंट्रोल निगेटिव्ह आला तरच वाचा. तरी चिकटत असतील तर ०.०१ मोलर डीटीटी या रसायनाने आयजीएमचे (गार अँटीबॉडी याच वर्गातली) बंध तुटतात. ते बहुतेक ठिकाणी नसतं, तेव्हा जास्त वेळा धुण्याला पर्याय नाही. रिव्हर्ससाठी सीरम आणि ए-१, बी, ओ पेशी वेगवेगळ्या ३७ ला दहा मिनिटं ठेवा, मग एकत्र करून ३७ लाच वाचा, सेंट्रिफ्यूज न करता तळाला बसू देऊन.

डीएटी, म्हणजे तुमच्या कागदावरचं डायरेक्ट कूम्ब्स. ईडीटीएच्याच नमुन्यावर. साध्या नळीतलं रक्त फ्रिजमध्ये राहिलं तर कॉम्प्लिमेंट (अँटीबॉडीमागोमाग पेशींवर बसणारी प्रथिनं) नळीतच पेशींवर बसतं आणि निरोगी माणसाचंही डीएटी पॉझिटिव्ह येतं. ३–५ टक्क्यांचं सस्पेन्शन, एक थेंब, चार धुणी, शेवटचं पाणी पूर्ण निथळून टाका, लगेच दोन थेंब एएचजी (अँटीह्यूमन ग्लोब्युलिन), १००० आरपीएमला एक मिनिट, हलक्या हाताने हलवून वाचा. निगेटिव्ह दिसलं तर पाच मिनिटं बाहेर ठेवून पुन्हा फिरवा, कारण कॉम्प्लिमेंटची प्रतिक्रिया उशिरा उमटते. त्यानंतरही निगेटिव्ह असेल तर आयजीजी चढवलेल्या चेक पेशी घाला. त्या चिकटल्या पाहिजेत. चिकटल्या नाहीत याचा अर्थ धुणं अपुरं पडलं, उरलेल्या प्रथिनांनी एएचजी मारलं आणि तुमचं निगेटिव्ह खोटं आहे.

‘कूम्ब्स पॉझिटिव्ह’ एवढ्यावर उपचार ठरत नाही. पेशीवर आयजीजी (अँटीबॉडीचा दुसरा वर्ग) आहे, सी-३ (कॉम्प्लिमेंटचा भाग) आहे की दोन्ही, हे वेगळं करून मागा. असं वेगळं दाखवणारं मोनोस्पेसिफिक कार्ड मोठ्या रक्तपेढीत असतं.

आता ‘पिशवी जुळत नाही’ याबद्दल. याची कारणं तीन आणि ती ऑटो कंट्रोलवरून वेगळी होतात. रुग्णाचं सीरम रुग्णाच्याच पेशींवर लावा.

ऑटो पॉझिटिव्ह, डीएटी पॉझिटिव्ह: ऑटोअँटीबॉडी, म्हणजे स्वतःच्याच पेशींविरुद्धची. तुमची केस इथली दिसते.

ऑटो निगेटिव्ह, काही पिशव्या जुळतात, काही नाहीत: आधीच्या बाळंतपणातून किंवा रक्त घेण्यातून झालेली, दुसऱ्याच्या पेशींविरुद्धची अ‍ॅलोअँटीबॉडी.

ऑटो निगेटिव्ह, गट ओ दिसतो, पण ओच्या सगळ्या पिशव्या जोरात चिकटतात: बॉम्बे गटाचा विचार आलाच पाहिजे. हा गट डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी १९५२ मध्ये मुंबईतच पहिल्यांदा नोंदवला, आणि आपल्या भागात तो डोळ्याआड करून चालत नाही. या माणसांच्या पेशींवर एच अँटिजन नसतं. त्यांची अँटी-एच ३७ अंशावरही काम करते आणि दिलेलं ओ रक्त रक्तवाहिनीतच फोडते. पडताळणी सोपी आहे: पेशींना अँटी-एच लेक्टिन लावा, साध्या ओच्या पेशी चिकटतात, बॉम्बेच्या चिकटत नाहीत. रिव्हर्समध्ये ए आणि बी बरोबर ओ पेशींची नळी लावायचा कंटाळा केला जातो. बॉम्बे गट तिथेच निसटतो. त्याला फक्त बॉम्बे गटाचंच रक्त चालतं.


वॉर्डफेरी

दोघांनी प्रयोगशाळेचं सांगितलं. वॉर्डातलं मी लिहिते.

लेप्टो बाजूला का पडतो? लेप्टोच्या कावीळीत बिलिरुबिन मुख्यतः डायरेक्ट असतं, क्रिएटिनिन आणि सीपीके (स्नायूंचं एन्झाइम) चढलेलं असतं, पोटऱ्या दाबल्या तर दुखतात, प्लेटलेट उतरलेल्या असतात. इथे इनडायरेक्ट ३.५, किडनी ठीक, प्लेटलेट ठीक. डेंगूत पीसीव्ही वर जातो, इथे तो खाली आहे. माकडतापही सिंधुदुर्गात आहे, पण त्याचा हंगाम हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंतचा, दोडामार्ग–सावंतवाडी पट्ट्यात काजूच्या बागांत वावरणाऱ्यांत. जुलैत, पांढऱ्या पेशी ११,००० वर असताना तो शोधत बसू नये.

लघवी लाल आहे म्हणून हिमोग्लोबिन आहे असंही धरू नका. डिपस्टिकला रक्त ‘+++’ आणि मायक्रोस्कोपखाली तांबड्या पेशी नाहीत, तर दोन शक्यता. रक्ताची नळी फिरवून प्लाझ्मा बघा. गुलाबी असेल तर हिमोग्लोबिन, स्वच्छ असेल तर स्नायूंतलं मायोग्लोबिन, आणि मग सीपीके करा. लेप्टोत हे दुसरं होऊ शकतं.

ताप, कोरडा खोकला, दोन-तीन आठवड्यांनी हिमोलिसिस, गारव्यात चिकटणाऱ्या पेशी: मायकोप्लाझ्मा न्यूमोनिया पहिला. शरीर जंतूविरुद्ध आयजीएम तयार करतं आणि त्यातलं काही आपल्याच पेशींवरच्या आय अँटिजनवर बसतं. हातापायाच्या बोटांत, नाकाच्या शेंड्यावर रक्त गार होतं. तिथे आयजीएम पेशीला धरतं आणि कॉम्प्लिमेंट चढवतं. रक्त परत आत येऊन गरम झालं की आयजीएम सुटून जातं, कॉम्प्लिमेंट मागे राहतं. ती पेशी यकृतात गिळली जाते, काही रक्तातच फुटतात. म्हणून अशा रुग्णात डीएटीला सी-३ पॉझिटिव्ह आणि आयजीजी निगेटिव्ह मिळतं.

यावरून स्टिरॉइडचं उत्तर निघतं. पेशीवर आयजीजी असलेल्या, उबेत काम करणाऱ्या प्रकारात पेशी प्लीहेत चावल्या जातात आणि प्रेडनिसोलोन १ मिलिग्रॅम प्रति किलो चांगलं काम करतं. नुसत्या सी-३ च्या गार प्रकारात स्टिरॉइडचा उपयोग फारसा नाही, प्लीहा काढूनही नाही. म्हणून बाई स्थिर असेल तर मोनोस्पेसिफिक डीएटीचा निकाल येईपर्यंत काही तास थांबलेलं बरं. पण निकाल उद्या-परवा येणार असेल आणि हिमोग्लोबिन तासागणिक घसरत असेल, तर प्रेडनिसोलोन सुरू करण्यात चूक नाही, निकाल आल्यावर बंद करता येतं. सुरू करण्याआधी साखर, एचबीएसएजी (हिपॅटायटिस बीची चाचणी), छातीचा एक्स-रे. शेतात अनवाणी राबणाऱ्या रुग्णाला आयव्हरमेक्टिन २०० मायक्रोग्रॅम प्रति किलो दोन दिवस द्या. पोटात स्ट्राँजिलॉइडिस हा जंत असेल तर स्टिरॉइडखाली तो अंगभर पसरतो आणि जीव घेतो.

आज रात्री: बाईला पांघरूण, मोजे, हातमोजे. पंखा थेट अंगावर नको, एसी बंद. फ्रिजमधलं सलाईन लावू नका. फॉलिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम रोज. डॉक्सिसायक्लिन १०० मिलिग्रॅम दोनदा सात दिवस. मायकोप्लाझ्मावर चालतं आणि लेप्टो किंवा स्क्रब टायफसची शंका राहिली असेल तर तीही झाकली जाते. हिमोलिसिसमध्ये शिरांत गुठळ्या होण्याचा धोका खरा आहे आणि हमखास विसरला जातो. रक्तस्राव नाही, प्लेटलेट ५०,००० च्या वर, तर एनोक्सापॅरिन ४० मिलिग्रॅम त्वचेखाली रोज.

आता रक्ताचं. पुस्तकी आकड्याला नाही, बाईच्या अवस्थेला बघा. बसल्या जागी धाप, छातीत दुखणं, गुंगी, ईसीजीत बदल, किंवा हिमोग्लोबिन ५ च्या खाली वेगाने जाणं, यातलं काहीही झालं तर न जुळणारं रक्त द्यायचं. क्रॉसमॅच जुळत नाही म्हणून रक्त रोखून ठेवणं हेच अशा रुग्णांच्या मृत्यूचं टाळता येण्यासारखं कारण आहे. ऑटोअँटीबॉडी दिलेल्या पेशी फोडते, पण साधारण बाईच्या स्वतःच्या पेशी फोडते त्याच वेगाने. तेवढा वेळ हृदयाला आणि मेंदूला मिळतो.

द्यायचं कसं: अर्धी पिशवी मागा. ताशी १ मिली प्रति किलोच्या वर जायचं नाही, म्हणजे ५० किलोला चार तासांत २०० मिली. फ्रिजबाहेर चार तासांपलीकडे पिशवी चालत नाही, म्हणून पूर्ण पिशवी हळू देता येत नाही. पहिले ३०–५० मिली देताना कुणीतरी शेजारी बसून नाडी, ताप, कंबरदुखी, लघवीचा रंग बघावा. ब्लड वॉर्मर वापरा. वॉर्मर नसेल तर पिशवी गरम पाण्याच्या बादलीत बुडवू नका, पेशी फुटतील. रक्त जातं तो हात पांघरुणात गरम ठेवा. हिमोग्लोबिन १० करायचं नाही. धाप उतरली की थांबा.


घाटाखालचा_एमओ

नमुना थर्मासमधून नेला. गरम करून: हिमोग्लोबिन ६.१, तांबड्या पेशी १.९८ मिलियन, एमसीव्ही ९६, पीसीव्ही १९, एमसीएचसी ३२.१. रेटिक १४ टक्के. स्लाइडवर थोडे स्फेरोसाइट, भरपूर पॉलिक्रोमेशिया, शिस्टोसाइट नाहीत, परजीवी नाहीत. गट बी पॉझिटिव्ह, कंट्रोल निगेटिव्ह. एक्स-रेत दोन्ही खालच्या भागात पुसट सावली. बाई बोलते-जेवते, नाडी १०४. आता मोनोस्पेसिफिक डीएटी बाहेर पाठवायचंय. बर्फात नाही पाठवत, पण मग कसं? आणि सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचा संशय सोडायचा का?


स्लाइड_आधी

१.९८ मिलियनचे १४ टक्के म्हणजे २ लाख ७७ हजार रेटिक. मज्जा जोरात चालू आहे. बी-१२ चा प्रश्न मिटला.

पाठवणी: डीएटीसाठी ईडीटीए, खोलीच्या तापमानाला, बर्फ नाही. टायटरसाठी पूर्ण रक्त पाठवूच नका. ३७ ला वेगळं केलेलं सीरम वेगळ्या नळीत, पेशींपासून सुटं. ते गार झालं तरी बिघडत नाही. डब्यावर ठळक लिहा, ‘पेशी गार करू नयेत’, आणि नेणाऱ्या माणसाला तोंडानेही सांगा. तो सवयीने बर्फाशेजारीच ठेवतो. ४ अंशाला टायटर ६४ किंवा जास्त आलं तर अर्थ आहे. थोडी गार अँटीबॉडी बऱ्याच निरोगी माणसांत असते, ८–१६ टायटर पाहून निदान चिकटवू नये.


पिशवी_आणि_पडताळणी

वॉर्डफेरी मॅडमच्या रक्ताच्या मुद्द्याला एक जोड द्यावीशी वाटते, कारण इथे लोक चुकतात. ‘त्यातल्या त्यात कमी चिकटणारी पिशवी द्या’ हा सल्ला सर्रास दिला जातो. तो एकटा पुरेसा नाही. खरा धोका ऑटोअँटीबॉडीचा नाही. तिच्या आड लपलेल्या अ‍ॅलोअँटीबॉडीचा आहे, आणि या बाईची तीन बाळंतपणं झाली आहेत. पॅनेलवर सगळंच पॉझिटिव्ह दिसतं, त्यात अँटी-सी किंवा अँटी-ई सहज बुडून जाते.

म्हणून पहिली पिशवी चढण्याआधी तिच्या गरम सलाईनने धुतलेल्या पेशींचं आरएच (मोठा-छोटा सी, मोठा-छोटा ई) आणि केल फिनोटायपिंग (पेशींवर कुठले अँटिजन आहेत ते) करून ठेवा, आयजीएम मोनोक्लोनल अँटिसेराने, म्हणजे डीएटी पॉझिटिव्ह असतानाही वाचता येतं. एकदा दुसऱ्याचं रक्त गेलं की पुढचे तीन महिने हे नीट करता येत नाही. तिच्या फिनोटाइपशी जुळणारी बी किंवा ओ पिशवी शोधा. गार अँटीबॉडी सिद्ध झाल्यामुळे क्रॉसमॅच प्रीवॉर्म पद्धतीने: सीरम, पेशी, सलाईन वेगवेगळं ३७ ला दहा मिनिटं, मग एकत्र ३७ ला एक तास, ३७ च्याच सलाईनने धुणं आणि शेवटी पॉलिस्पेसिफिक नाही, अँटी-आयजीजी. बहुतेक वेळा पिशवी जुळते. पण ही पद्धत ‘जुळत नाही म्हणून गरम करून बघू’ अशी सरसकट वापरू नका. दुबळी पण घातक अ‍ॅलोअँटीबॉडीही त्यात विरघळून जाते.


वॉर्डफेरी

मान्य, ते मी लिहायला हवं होतं.

सेफ्ट्रिअ‍ॅक्सोनचं: याने होणारं हिमोलिसिस बहुतेकदा डोस गेल्यापासून काही मिनिटांत किंवा तासांत येतं, फार जोरात, मुलांमध्ये तर जीवघेणं. कंबर दुखते, लघवी लाल, हिमोग्लोबिन निम्म्यावर. या बाईत औषध थांबून काही दिवस झाल्यावर सुरुवात झाली आणि पेशी औषधाशिवाय गारव्यात चिकटत आहेत. म्हणून मायकोप्लाझ्माच जास्त पटतो. पण औषधाच्या प्रकारातही डीएटीला सी-३ पॉझिटिव्ह येऊ शकतं, म्हणून नुसत्या डीएटीवर बाईला ‘सेफ्ट्रिअ‍ॅक्सोन चालतं’ असं प्रमाणपत्र देऊ नका. या आजारपणात ते पुन्हा द्यायची गरज नाही. केसपेपरवर लाल शाईत संशय नोंदवा. हंगामात तापाच्या प्रत्येक रुग्णाला हे इंजेक्शन मिळतं, त्यामुळे ज्याला आधीच्या डोसनंतर लघवी लाल झाली होती त्याला विचारून घेणं फार महत्त्वाचं.


लाल_शाई

आधीच्या उत्तरांत जागा मिळाली नाही ती एक बाजू. लघवी काळी-लाल, पण कूम्ब्स निगेटिव्ह आणि पेशी गारव्यात चिकटत नाहीत, तर औषधांची यादी परत बघा. व्हायव्हॅक्ससाठी प्रायमाक्विन सुरू आहे का, डॅप्सोन सुरू आहे का? जी-६-पीडी (तांबड्या पेशी जपणारं एन्झाइम) कमी असलेल्यांत दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी असंच होतं. स्लाइडवर चावा घेतल्यासारख्या पेशी दिसतात. हे अँटीबॉडीचं काम नाही, स्टिरॉइड देऊ नये, औषध थांबवावं. त्याच आठवड्यात केलेली जी-६-पीडी चाचणी नॉर्मल येऊ शकते, कारण जुन्या पेशी फुटून गेलेल्या असतात आणि रक्तात एन्झाइम भरपूर असलेल्या तरुण पेशीच उरतात. तीन महिन्यांनी पुन्हा करा. अशा रुग्णाला प्रायमाक्विन रोज नको. ०.७५ मिलिग्रॅम प्रति किलो आठवड्यातून एकदा, आठ आठवडे, देखरेखीखाली.

लहान मुलांत सर्दी-तापानंतर अचानक लाल लघवी आणि डीएटीला नुसतं सी-३ आलं तर डोनाथ–लँडस्टायनर चाचणी मागा. तिथली अँटीबॉडी आयजीजी असते, गारव्यात बसते आणि उबेत पेशी फोडते. चाचणीतही नमुना आधी बर्फात, मग ३७ ला ठेवतात. मूल उबेत ठेवलं आणि गरज पडली तर रक्त दिलं की बहुतेक वेळा आपोआप थांबतं.


घाटाखालचा_एमओ

मोनोस्पेसिफिक आलं: सी-३ पॉझिटिव्ह ३+, आयजीजी निगेटिव्ह. टायटर ५१२. स्टिरॉइड दिलेलं नाही. हिमोग्लोबिन काल ५.९, आज ६.०, बाई बेडवर आरामात. फिनोटायपिंग करून एक बी पिशवी राखून ठेवलीय, अजून लावलेली नाही. पुढे किती दिवस बघायचं?


वॉर्डफेरी

मायकोप्लाझ्मानंतरचं असेल तर अँटीबॉडी काही आठवड्यांत ओसरते. आठवडाभर हिमोग्लोबिन दिवसाआड, मग आठवड्यातून एकदा, रेटिक आणि एलडीएच सोबत. प्रत्येक नमुना थर्मासमधूनच, नाहीतर एका आठवड्यात पुन्हा एमसीएचसी ५० येईल आणि कुणीतरी घाबरून पिशवी लावेल. काख, मान, जांघेत गाठी आहेत का आणि प्लीहा उतरते का, हे प्रत्येक भेटीत हाताने बघा. सहा आठवड्यांनंतरही हिमोलिसिस चालू असेल किंवा टायटर उतरत नसेल, तर या वयात मागे लिम्फोमा लपलेला असू शकतो. तेव्हा सीरम इलेक्ट्रोफोरेसिस, सीटी आणि मज्जेच्या तपासणीसाठी कोल्हापूर किंवा गोव्यातल्या बांबोळीला हिमॅटॉलॉजीकडे पाठवा, पत्रात गरम आणि गार दोन्ही काउंट लिहून. रिटुक्सिमॅबचा निर्णय तिथे होईल, ३७५ मिलिग्रॅम प्रति चौरस मीटर आठवड्याला एकदा असे चार डोस. त्याआधी एचबीएसएजीसोबत हिपॅटायटिस बी कोअर अँटीबॉडीही तपासलेली हवी.

घरी सोडताना तिला सांगायचं: लावणीच्या गार चिखलात या पावसात उतरायचं नाही, पहाटेच्या गार पाण्याने आंघोळ नाही, बोटांची टोकं निळी पडली किंवा लघवी पुन्हा लाल झाली तर त्याच दिवशी यायचं. फॉलिक अ‍ॅसिड रेटिक खाली येईपर्यंत चालू.